वाघ, तलवार आणि खालच्या मावशींचे छत

मंगळवार, दिनांक १२ मार्च २०२४. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. या वेळी मी खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या झोपायच्या खोलीत, लाकडी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा राहून, छताच्या तड्यावर नऊ वर्षांपूर्वी मीच चिकटवलेली काचेची पट्टी पातळ पात्याने सोडवत होतो. पट्टी अख्खी निघाली. ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, हात धुतले, आणि त्याच खोलीतल्या टेबलापाशी हे मृत्युपत्र लिहायला बसलो.

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस वर्षे दोन महिने, धंदा काच कापणे, शिक्षण दहावी अपुरी, राहणार याच इमारतीत वरच्या मजल्यावर वडिलांजवळ, असे लिहून ठेवतो की माझे डोके आज ठिकाणावर आहे. किंबहुना गेल्या बारा वर्षांत ते इतके ठिकाणावर कधीच नव्हते. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही, आणि पोटात मावशींनी दिलेल्या अर्ध्या कप चहाखेरीज काही नाही. माझे पूर्ण नाव व पत्ता ओळखपत्राच्या सोबत जोडलेल्या प्रतीवर पाहावा.

हे माझे चौथे मृत्युपत्र आहे. आधीची तिन्ही या क्षणापासून रद्द. पहिले मी पंधराव्या वर्षी शाळेच्या वहीत लिहिले होते. त्यात एकच कलम होते: माझे काही बरेवाईट झाल्यास वाघाला खायला कोण घालणार. अज्ञान मुलाचे मृत्युपत्र चालत नाही हे मला नंतर कळले, म्हणजे ते तसेही रद्दच होते. दुसरे एकोणिसाव्या वर्षी आणि तिसरे तेविसाव्या वर्षी केले. त्या दोन्हींत माझे होते-नव्हते ते सगळे खालच्या मावशींना दिलेले होते, आणि कारण म्हणून 'सोबतचे बंद पाकीट पाहावे' असे लिहिले होते. तिसऱ्यासोबतचे पाकीट आज सकाळी आठ वाजता मावशींसमोर फोडले. त्यांना चष्मा सापडेना, म्हणून आतला कागद मलाच मोठ्याने वाचून दाखवावा लागला. त्यात काय होते ते खाली सविस्तर देतो, म्हणजे पुढे कोणाला शंका राहू नये.

कलम पहिले: पाकिटातील मजकूर.

तेरा ते वीस या वयात मी शिकारी मासे पाळले. रंगीत, शोभेचे, भाताच्या शितासारखे नव्हेत. दुसऱ्याला गिळून जगणारे. आमच्या गल्लीच्या टोकाला माशांचे दुकान होते. दुकानदाराला सगळे टिचकीकाका म्हणत, कारण काचेवर बोट वाजवणाऱ्या पोराच्या कानावर ते तशीच टिचकी मारत आणि विचारत, "कसं वाटलं? आतल्यालाही तसंच वाटतं." मलाही एकदा बसली. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. महिनाभर तसाच उभा राहिल्यावर त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन एक मासा दाखवला. अंगठ्याएवढा, पिवळा, अंगावर काळे आडवे पट्टे, तोंड खाली करून पाण्यात वाळक्या पानासारखा तरंगत होता. "मेला का?" मी विचारले. "मेल्याचं सोंग आहे," ते म्हणाले. "जवळ ये म्हणतोय."

त्या जातीचे मासे आता नद्यांत फारसे उरलेले नाहीत, असे त्यांनी सांगितले. ते खरे की भाव वाढवण्यासाठी, हे मला ठाऊक नाही. मी सुट्टीत दुकानातल्या टाक्या घासून तो घेतला. नाव ठेवले वाघ. चार महिन्यांनी एक लांब, चंदेरी, पाण्याच्या वरच्या थरातच फिरणारा मासा आणला. त्याच्या हनुवटीला दोन मिश्या होत्या आणि तो वळताना पाते फिरवल्यासारखा वळायचा. त्याचे नाव तलवार.

हे मासे वाढतात. हे सगळ्यांना माहीत असते आणि घेताना कोणीच लक्षात ठेवत नाही. तलवार वर्षभरात माझ्या कोपरापर्यंत आला. मी पंधरा वर्षांचा असताना टिचकीकाकांकडे एक जुनी गळकी टाकी पडून होती, ती मी जवळजवळ फुकट मिळवली, सांधे खरवडून पुन्हा सिलिकॉनने भरले, आणि बाबांना सांगितले की टाकी दोनशे लिटरची आहे.

टाकी एकशे ऐंशी सेंटिमीटर लांब, पंच्याहत्तर रुंद, साठ उंच होती. पाणी पंचावन्नपर्यंत भरले तर सातशे बेचाळीस लिटर होते. काच एकशे बत्तीस किलो, लोखंडी स्टँड एकसष्ट. एकूण नऊशे पस्तीस किलो. हा हिशोब मी टाकी भरून झाल्यावर केला. आधी केला असता तर भरली नसती. एवढे वजन मी आमच्या खोलीच्या जमिनीवर, म्हणजेच मावशींच्या छतावर ठेवले, आणि मावशींची खाट बरोबर त्याच्या खाली आहे.

तीन आठवड्यांनी मावशींकडे चुकून गेलेले टपाल आणायला मी खाली आलो आणि वर पाहिले. छताला तडा होता. खाटेच्या डोक्याशी सुरू होऊन भिंतीपर्यंत, सव्वा मीटर. मी टपाल न घेताच वर गेलो. वाघ त्या दिवशी माझ्याकडे पाहून पूर्ण काळा पडला होता. या जातीचे असेच असते. घाबरला की पिवळा रंग जातो आणि पट्टे दिसेनासे होतात. माझे तसे रंग बदलत नाहीत म्हणून इतकी वर्षे कोणाला कळले नाही.

पाकिटातील मजकूर इथे संपतो. शेवटी एवढेच होते की मावशींच्या छताचे नुकसान माझ्यामुळे झाले असून माझ्यामागे माझ्या पैशांतून ते दुरुस्त करावे.

कलम दुसरे: तड्यावरची काचपट्टी.

कारखान्यात लागल्यावर मालकांनी एकदा बोलता बोलता सांगितले, की भिंतीचा तडा वाढतोय का ते पाहायचे तर त्यावर पातळ काच आडवी चिकटवतात. तडा केसभर हलला तरी काच तडकते. त्याच आठवड्यात मी दोन मिलिमीटर जाडीची पट्टी कापली आणि मावशींच्या छताला लावली. मावशींनी विचारले, "हे काय रे?" मी म्हणालो, "मुंग्या येऊ नयेत म्हणून." मग ती रोज पाहता येईना, म्हणून दर रविवारी मी त्यांच्या खिडक्यांच्या काचा पुसून द्यायला लागलो. काच पुसता पुसता वर पाहायचे. नऊ वर्षांत पट्टी तडकली नाही. मला एकदाही बरे वाटले नाही. सात वर्षांपूर्वी मी टाकी मोडली, पाणी गेले, वजन गेले, पण तडा तिथेच होता आणि तो मीच पाडला होता.

सदर काचपट्टी माझ्या हत्यारांसोबत कारखान्यात लागणाऱ्या नवीन माणसाला द्यावी. ती कापताना एक कड वाकडी गेली आहे. ती तशीच ठेवावी.

कलम तिसरे: आज सकाळची हकीकत.

इमारतीची तपासणी आज होणार अशी सूचना पंधरा दिवसांपूर्वी जिन्यात लागली होती. नऊ वाजता इंजिनिअर येणार, प्रत्येक छत ठोकून पाहणार. त्यांनी तड्यावर बोट ठेवून वर काय होते असे विचारण्याआधी आपणच सांगावे, म्हणून मी आठला खाली आलो. पाकीट वाचून झाल्यावर मावशींनी वर छताकडे पाहिले. मग म्हणाल्या, "हा तडा?"

"हो."

"अरे, या तड्याकडे बघत मी माझ्या पोराला झोपवायचे. तो रडायला लागला की म्हणायचे, बघ नदी. इथून निघाली, तिथे गेली. तो आता त्रेचाळीस वर्षांचा आहे. त्याला टक्कल पडलंय."

मी म्हणालो, "पण टाकी माझी बारा वर्षांपूर्वीची."

"तेच तर सांगतेय. तू विचारलंस का नाही कधी?"

विचारायचे म्हणजे आधी कबूल करायचे होते. मी तडा मोजला, त्यावर पेन्सिलने तारखा घातल्या, काच लावली, चारशेहून जास्त रविवार खिडक्या पुसल्या. विचारले मात्र नाही. हे मी स्वतःच्या हाताने इथे लिहून ठेवतो.

"आणि मुंग्या काचेवरूनही चालतात," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, पोराला खिडक्या पुसायला काहीतरी निमित्त हवंय. एकटा असतो बिचारा."

नऊ वाजून पाच मिनिटांनी इंजिनिअर आले. त्यांनी छत लहान हातोडीने ठोकले, खिळ्याने तड्याची कड खरवडली आणि मला शिडीवर बोलावून आत दाखवले. वर पांढरा रंग, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा. हिरवा रंग तड्याच्या आत उतरून वाळलेला होता. "हिरवा मारला तेव्हा तडा होता," ते म्हणाले. "गिलाव्याचा आहे. स्लॅबला काही झालेलं नाही." मावशी खालून म्हणाल्या, "हिरवा आम्ही राहायला आलो तेव्हाचा."

मी त्यांना नऊशे पस्तीस किलोंचे सांगितले. त्यांनी टाकीची जागा विचारली, वर येऊन पाहिली, पावले टाकून अंतर मोजले आणि म्हणाले, "या भिंतीखालून तुळई गेलीय. इथेच ठेवली होती ना? मग ठीक. खिडकीपाशी ठेवली असती तर मी वेगळं बोललो असतो. जागा कुणी निवडली?"

बाबांनी.

कलम चौथे: बाबांविरुद्धची तक्रार मागे घेणे.

दुसऱ्या व तिसऱ्या मृत्युपत्रात एक वाक्य होते: 'टाकी खिडकीपाशी ठेवू न दिल्याबद्दल बाबांना मी माफ केलेले नाही.' मला रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वाघ पाहावा असे वाटत होते. बाबा म्हणाले होते, खिडकीत ऊन येते, उन्हाने शेवाळ धरते, टाकी मागच्या भिंतीलाच ठेवायची. ज्या माणसाला मासा आणि साबणाची वडी यांतला फरक कळत नाही त्याने मला शेवाळ शिकवावे, याचा मला फार राग आला होता. तो राग मी बारा वर्षे नीट सांभाळला.

इंजिनिअर गेल्यावर मी बाबांपुढे जाऊन उभा राहिलो. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. ते आयुष्यभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचत, आता निवृत्त आहेत.

"बाबा, ती टाकी दोनशे लिटरची नव्हती."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"सहा जण जिन्यावरून चढवत होते तेव्हापासून. आणि तेव्हा ती रिकामी होती." त्यांनी पान उलटले. "मी तीस वर्षं मीटर वाचले. आकडा कोण कमी सांगतंय ते मला तोंडावरून कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तेव्हा बोलायचास का कुणाशी? त्या माशाशी तरी बोलत होतास. म्हटलं, तेही बंद नको पडायला." मग म्हणाले, "तू शाळेत गेलास तेव्हा गवंड्याला आणलं होतं. त्याने जमीन ठोकून सांगितलं, ठेवायचीच तर या भिंतीला ठेवा."

"तुम्ही मला शेवाळाचं सांगितलंत."

"स्लॅबचं सांगितलं असतं तर तू झोपला असतास?"

सदर तक्रार या कलमान्वये मागे घेतली आहे. त्याऐवजी बाबांना माझा पोलादी कपाटाचा भाग, आतल्या सर्व वह्यांसह, द्यावा. वह्यांत सात वर्षांची रोजची नोंद आहे: पाण्याची उष्णता, काय खाल्ले, रंग कसा होता. बाबांना आकडे वाचायला आवडतात.

कलम पाचवे: तलवारीविषयी.

हे कलम मी आधीच्या कोणत्याही मृत्युपत्रात लिहिले नव्हते. दिवा लावताना आधी खोलीचा लावायचा, एक मिनिट थांबायचे, मग टाकीचा. एकदम उजेड पडला की मोठा मासा बिथरून काचेवर आपटतो. हे टिचकीकाकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवले होते, आणि मी ताईला, बाबांना, घरी येणाऱ्या प्रत्येकाला शिकवले होते. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी गणितात नापास होऊन घरी आलो, दार लावले आणि अंधारातच टाकीचा दिवा लावला. तलवारीने उसळी मारली. झाकणावर दोन विटा ठेवलेल्या होत्या, म्हणून तो बाहेर पडला नाही. झाकणाला लागून त्याचा खालचा जबडा मोडला. त्याने पाच दिवस खाल्ले नाही. सहाव्या दिवशी मेला.

यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही. गणिताच्या सरांचाही नाही. त्यांनी पायऱ्या न लिहिल्याबद्दल माझे गुण कापले होते, आणि मी उत्तरे बरोबर असूनही नापास झालो असे सगळ्यांना सांगत आलो. उत्तरेही सगळी बरोबर नव्हती. मी पुन्हा परीक्षेला बसलो नाही, काचेच्या कारखान्यात लागलो. सर आता या जगात नाहीत, त्यामुळे त्यांना काही देता येत नाही.

घरात मात्र तेव्हापासून एक गोष्ट राहिली आहे. कोणाला काही अवघड सांगायचे असले की ताई आधी म्हणते, "खोलीचा दिवा लावतेय हं." मग आम्ही बसतो, पाणी पितो आणि ती सांगते. मावशींना आज सकाळी मी तसे काही म्हटले नाही, थेट पाकीट फोडले. त्याबद्दल दिलगीर आहे.

कलम सहावे: वाघाविषयी.

वाघ जिवंत आहे. तो माझ्या मालकीचा नाही, म्हणून मी तो कोणाला देऊ शकत नाही. सात वर्षांपूर्वी टाकी मोडताना मी तो दातांच्या डॉक्टरांना दिला आणि त्यांच्या दवाखान्यातली टाकी मीच बांधून दिली. डॉक्टरांना वाटले होते, रोग्यांना शांत वाटेल. आता रोगी आत जायच्या आधी अर्धा तास एका हातभर लांब पट्टेदार माशाच्या जबड्याकडे पाहत बसतात. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर माझी पक्कड त्यांना काहीच वाटत नाही.

मी त्याला पाहायला दर महिन्या-दोन महिन्यांनी दाढ दुखते असे सांगून जात असे. चौदा वेळा तपासणीचे पैसे भरले. पंधराव्या वेळी डॉक्टर म्हणाले, "तुझ्या दाढेला काहीही झालेलं नाही. मासा बघायचा असेल तर सरळ येऊन बस. आणि तोंड मिट."

वाघ माझ्यापेक्षा जास्त जगल्यास त्याला पाहायला जायचा माझा हक्क ताईला मिळावा. तिने तो वापरावा अशी विनंती आहे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला असते. आई लवकर गेल्यामुळे घरचे स्वयंपाकघर तेव्हा तिच्याकडे होते, आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात माझी कोळंबी आणि तिचे वाटाणे शेजारी असत. वाघाला मेलेले खाद्य खायची सवय मी पाच महिन्यांत लावली: कोळंबी दोऱ्याला बांधायची आणि जिवंत असल्यासारखी पाण्यातून ओढायची. तोवर त्याला जिवंत लहान मासे लागत. ते मी पंधरा दिवस बादलीत वेगळे ठेवून मगच देत असे, आजार येऊ नये म्हणून. त्यांतला एक ताईने एके दिवशी चहाच्या गाळणीने पळवला आणि बरणीत ठेवला. "हा माझा," म्हणाली. "तुझ्या पशूला सांग, दुसरं बघ." तो बरणीतला मासा तीन वर्षे जगला, तलवारीपेक्षा जास्त. ती बरणी माझ्याकडे आहे. ती ताईला परत करावी.

ताईला तिसऱ्या मृत्युपत्रात मी काहीच ठेवले नव्हते. ते तिने कधीतरी वाचले असावे, कारण गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तिने विचारले होते, "मेल्यावर मला काय देणार आहेस ते सांग, म्हणजे तेवढ्याच किमतीची भेट आणते." या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

कलम सातवे: हत्यारे आणि बचत.

माझा हिऱ्याचा काचकापा, दोन पट्ट्या, पक्कड व काच उचलायचे रबरी पकड-जोड हे सर्व कारखान्यातच राहावे आणि जो नवीन माणूस लागेल त्याला द्यावे. काचकापा तेलात बुडवून ठेवावा. तो कोणी उधार मागितला तर देऊ नये, मी दिला होता, टोक बोथट होऊन आला.

बँकेत 'छत' या नावाने मी मनात बाजूला ठेवलेले एकसष्ट हजार आहेत. मावशींनी ते घ्यायला आज सकाळी तीन वेळा नकार दिला. "त्या तड्याला हात लावलास तर याद राख," म्हणाल्या. "नातू आला की मी त्यालाही नदी दाखवते." म्हणून ही रक्कम आता मोकळी आहे. दोन तासांच्या अंतरावर मालक दुसरा कारखाना काढत आहेत आणि तो मी चालवावा असे दोन वर्षांपासून म्हणत आहेत. तीनदा विचारले, तीनदा मी नाही म्हणालो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "तुला इथे खिळ्याने ठोकलंय का?" मला रविवारी इथेच असणे भाग होते, हे मी त्यांना सांगू शकत नव्हतो. आज पावणेअकरा वाजता मी त्यांना फोन करून हो म्हणालो. ते म्हणाले, "कोण बोलतंय?" एक एप्रिलला मी जाणार आहे. वरील रक्कम तिथल्या भागीदारीत घालीन. त्याआधीच मी मेलो तर ती बाबा आणि ताई यांना निम्मी निम्मी मिळावी.

खिडक्या पुसायचे काय, असा प्रश्न मावशींनी काढला. महिन्यातून एकदा येऊन पुसीन असे ठरले आहे. हे मृत्युपत्रात येत नाही, पण लिहिलेले बरे.

कलम आठवे: पंप. ~~मोठ्या टाकीचा पाण्याचा पंप, नळी व कारखान्यातल्या तुकड्यांतून मी जोडलेली काचेची लहान टाकी माझ्या मृत्यूनंतर खालच्या मावशींना द्यावी.~~

या कलमाचे कारण असे. छताचा विषय संपल्यावर मावशी म्हणाल्या, "एक सांगू? टाकी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वरून सारखा पाण्याचा आवाज यायचा. पंखा बंद केला की आणखी छान ऐकू यायचा. तू ती काढलीस ना, तेव्हापासून मला धड झोप नाही."

मी बारा वर्षे या समजुतीत होतो की माझ्या टाकीखाली त्या जीव मुठीत धरून झोपतात. हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावले.

मग मी वरील कलम लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तू मरायची वाट बघायची? मी एकाहत्तर वर्षांची आहे. आत्ता आण की." त्यामुळे हे कलम खोडले असून खोडल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे.

साक्षीदार होण्याची मावशींची फार इच्छा होती. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष देऊ नये, नाहीतर मिळालेले जाते, असे मी समजावले. "म्हणजे मी खोटं बोलेन?" त्यांनी विचारले. तसे नाही, नियम तसा आहे, असे सांगितले. आठवे कलम खोडल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "आता तर मला काही मिळत नाही. आता करू सही?" पण तोवर दोन्ही साक्षीदार येऊन बसले होते.

हे सर्व मी वाचून पाहिले, तीनदा. माझ्या मागे भांडण व्हावे असे यात काही उरलेले नाही. सर्वांसमक्ष सही केली. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

(सही) मृत्युपत्र करणारा, काच कापणारा

साक्षीदार पहिला: (सही) काचेच्या कारखान्याचे मालक. सही करताना म्हणाले, "सत्तावीस वर्षांचं मृत्युपत्र मी पहिल्यांदाच पाहतोय. एक तारखेला ये म्हणजे झालं."

साक्षीदार दुसरा: (सही) दातांचे डॉक्टर. यांनी येताना बातमी आणली की वाघाने आज खाल्ले असून रंग पिवळाजर्द आहे.

स्थळ: खालच्या मजल्यावर, मावशींची झोपायची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: १२ मार्च २०२४, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे.

सोबत हिशोब. खर्च, सुरुवातीपासून आजपर्यंत:

वाघ, अंगठ्याएवढा, एक: ९००
तलवार, वीतभर, एक: ६५०
गळकी टाकी: १,५००
सिलिकॉन, बारा नळ्या: १,४४०
लोखंडी स्टँड: १,८००
पंप: ७४०
जिवंत खाद्य व कोळंबी, सात वर्षे, वहीप्रमाणे: १९,३७०
न दुखणाऱ्या दाढेची तपासणी, चौदा वेळा: २,८००
एकूण: २९,२००

देणे:

मावशींच्या छताचे, तिसऱ्या मृत्युपत्राप्रमाणे ६१,०००: आजपासून शून्य
इतर: काही नाही

येणे:

पंप व लहान टाकी मिळाल्याची मावशींची सही. सायंकाळी सहा वाजता पाणी भरून पंप त्यांच्या खाटेशेजारी चालू केला. पावती लिहून होईपर्यंत मावशी बसल्या जागी झोपल्या. उठवलेले नाही.